सेल्फ गेला: जुनाच उघडायचा, रिबिल्ट बसवायचा की नवा?

किल्ली फिरवली, एकदाच 'टक्' झालं आणि गाडी गप्प. सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर, आळ घेण्याआधी बॅटरीला मीटर लावा. गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना आकडा १०च्या फार खाली जाता कामा नये. भराभर 'टकटकटक' होत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल ढिले असतात. इंजिनाची अर्थिंगची वायर गंजली तरी अगदी अशीच लक्षणं दिसतात. चांगला सेल्फ काढून बसणारे कमी नाहीत!

सेल्फच गेलाय हे नक्की झालं, तर मी किमतीआधी जागा बघतो. हात सहज पोहोचतो का?

पोहोचत असेल तर जुनाच उघडून बघावा. हलकेच ठोकल्यावर तात्पुरता चालणाऱ्या सेल्फचे बहुतेकदा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेले असतात. (ठोकायचं ते अंदाजापुरतंच, परमनंट मॅग्नेटच्या सेल्फमधला मॅग्नेट तडकू शकतो.) मोटर नुसतीच घुंई करते आणि इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स (मोटरचा दातेरी गियर इंजिनात अडकवणारा भाग) बघा. जोरात एकच 'टक्' येत असेल तर बऱ्याचदा सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या मोठ्या स्विचचे) तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्लेले सापडतात. यातलं काही चुकलं, तर पुन्हा दोन-तीन बोल्टच काढायचे आहेत. पण आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या गुंडाळीला) जळका वास येत असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका.

रिबिल्ट, म्हणजे जुनाच दुरुस्त करून विकलेला सेल्फ: कुणी केलाय यावर सगळं. ब्रश, बुश (आसाला आधार देणारी कडी), बेंडिक्स, कॉन्टॅक्ट यांतलं नेमकं काय बदललं, हे विचारा. धुऊन रंग मारलेला तुकडाही रिबिल्ट म्हणून खपतो. शिवाय वॉरंटीत माल बदलून मिळतो, तुमची दुपार नाही.

म्हणूनच सेल्फ मॅनिफोल्डखाली (इंजिनाला लागलेल्या हवेच्या किंवा धुराच्या नळ्यांखाली) दडलेला असेल तर मी नवाच घेईन. महाग पडतो, पण तिथे दोनदा हात घालायची माझी तयारी नाही. मात्र बसवण्याआधी जुना शेजारी ठेवून दात, बोल्टची भोकं आणि नाकाची (पुढच्या टोकाची) लांबी ताडून बघा.

तिन्हींत एक गोष्ट सारखीच: बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं. सेल्फची जाड केबल थेट बॅटरीवरून येते, मध्ये बहुतेकदा फ्यूज नसतो. पाना बॉडीला टेकला की ठिणग्याच. खाली शिरायचं तर गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही.

आणि सेल्फ बाहेर आलाच आहे तर टॉर्च मारून फ्लायव्हीलचा रिंग गियर (इंजिनाच्या जड चाकावरचं दातेरी कडं, ज्यात सेल्फचे दात अडकतात) बघून घ्या, इंजिन हाताने फिरवत पूर्ण चक्कर. दात चघळलेले दिसले तर नवा सेल्फही तिथे खरडतच बसेल. रिंग गियर बदलायचा म्हणजे बहुतेक गाड्यांचा गियरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तिथे माझा घरगुती उत्साह संपतो.