सात महिने घरची फायरवॉल: दर गुरुवारच्या लाल ओळी

मे महिन्यात जुन्या मिनी पीसीवर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी, फुकट मिळणारी फायरवॉल (घरच्या नेटवर्कची राखणदार) चढवली, त्याला आता सात महिने झाले. पीसी सेकंडहँड, साडेसहा हजारांचा. प्लगला मीटर लावून पाहिलं तर दहाएक वॉट, म्हणजे महिन्याला सात युनिटच्या आसपास. खर्चाची तक्रार नाही. वेग, व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) सगळं ठीक, त्यावर वेळ घालवत नाही. लिहायचंय ते लॉगबद्दल, म्हणजे काय आलं, काय अडवलं त्याच्या नोंदींबद्दल.

पहिल्याच आठवड्यात लॉगचा लाइव्ह व्ह्यू उघडला आणि पोटात गोळा आला. बाहेरून 23, 2323, 445, 3389 या पोर्टांवर (नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारांवर) सतत ठोठावणं. मी स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा कायमचा पत्ता) घेतलाय म्हणून हे थेट दारापर्यंत येतं; सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच पत्त्याच्या, मागे असाल तर यातलं बरंचसं दिसणारही नाही. इंटरनेटवाल्यांना फोन केला. तीनदा एकच उत्तर, "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." चौथ्यांदा भांडले.

आता मत बदललंय. ते भांडण चुकीचं होतं. 23 आणि 2323 वर येतात ती मुख्यतः मिराय या मालवेअरच्या जातीच्या बॉटनेटने (बाधित यंत्रांच्या फौजेने) पछाडलेली राउटर-कॅमेऱ्यांसारखी यंत्रं, आणि मिराय 2016 पासूनचं आहे. झेडमॅप हे इंटरनेट चाळायचं साधन 2013 मध्ये आलं तेव्हाच एका गिगाबिट लाइनवरून अख्खं आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचे सगळे इंटरनेट पत्ते) पाऊण तासात चाळता येत होतं. म्हणजे माझं घर कुणी हेरलेलं नव्हतं, सगळ्यांच्याच कड्या वाजतात. दार बंद आहे ना, मग झालं.

खरा छळ आतल्या बाजूने झाला. दर गुरुवारी सकाळी घरातल्याच फोन-लॅपटॉपच्या नावाने लाल ओळींचा लोंढा. 192.168.1.34, म्हणजे माझाच फोन, बाहेर 443 ला (वेबसाइटांचं पोर्ट) आणि 5228 ला जाऊ बघतोय आणि अडवला जातोय. इतर सहा दिवस तुरळक. गुरुवारीच का? फोनमध्ये काहीतरी शिरलंय असं धरून मी दोन फोन पूर्ण रिसेट केले, त्यात एका बँकेच्या ॲपची नोंदणी पुन्हा करायला अर्धा दिवस गेला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना वार सांगितला तर म्हणाल्या, "अगं, गुरुवारी लाइट जाते ना."

तेच होतं. आमच्याकडे दुरुस्तीची लाइट गुरुवारी जाते. सोसायटीचा जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू होतो. वायफायचा डबा छोट्या यूपीएसवर, फायरवॉल मात्र साध्या प्लगला. त्यामुळे फोनला काही कळतच नाही, वायफाय चालूच. पण फायरवॉल रिस्टार्ट होते आणि चालू कनेक्शनांची तिची यादी, स्टेट टेबल, कोरी होते. फोन जुनंच कनेक्शन पुढे रेटतो. 5228 हे अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनचं पोर्ट, ते तर कायम उघडं असतं. फायरवॉल विचारते, हे कनेक्शन सुरू कधी झालं? नोंद नाही. अडवलं. लॉगमधल्या ओळीच्या तपशिलात फ्लॅग (पॅकेट कसलं आहे ते सांगणारी अक्षरं) बघा. नुसता एस असेल तर नवं कनेक्शन. पीए, एफए, आरए असेल तर ते मधलं किंवा निरोपाचं पॅकेट, बहुतेक वेळा निरुपद्रवी.

माझा राग आहे तो लेबलवर. "डिफॉल्ट डिनाय / स्टेट व्हायोलेशन". अनोळखी माणसाने दार ठोठावलं तरी हेच, घरचं माणूस किल्ली विसरलं तरी हेच! दोन्ही एकाच नावाखाली, एकाच लाल रंगात. दोन वेगळी नावं दिली असती तर माझे दोन महिने वाचले असते. शेवटी बाहेरच्या ठोठावण्यासाठी मी वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) स्वतःचा ब्लॉक नियम लिहिला, त्याचं लॉगिंग बंद ठेवलं, तेव्हा कुठे आतल्या ओळी नीट दिसायला लागल्या. आणि यूपीएसचे बाराशे वाचवत बसले होते, ते गपचूप खर्च केले. त्यानंतरचे पाच गुरुवार शांत.

अजून एक गोष्ट, जी मला आधी कळायला हवी होती. लॅनमधून (घरच्या नेटवर्कमधून) बाहेर जाऊ देणाऱ्या नियमाचं लॉगिंग मुळात बंदच असतं. म्हणजे अडवलेलं सगळं डोळ्यांसमोर, आणि निसटून गेलेलं कुठेच नाही. ते लॉगिंग एक दिवस चालू केलं तर जिन्यातला स्वस्त कॅमेरा यूडीपी पोर्ट 32100 वरून तीन परदेशी पत्त्यांशी सतत बोलताना सापडला, ॲपमध्ये क्लाउड बंद केलेलं असूनही. पोर्ट न उघडता फोनला कॅमेरा दिसावा म्हणून असे कॅमेरे ही पीटूपी (यंत्र-ते-यंत्र थेट जोडणीची) सोय वापरतात. अशाच एका सोयीत, आयलिंकपीटूपीमध्ये, 2019 मध्ये गंभीर भोकं सापडली होती. इतके महिने मी लाल ओळींना घाबरले, आणि हा हिरवा, म्हणजे परवानगी असलेला, बिनबोभाट जात होता.

आता कॅमेऱ्याला बाहेरची वाट पूर्ण बंद. दर काही सेकंदांनी तो प्रयत्न करतो, अडवला जातो, आणि त्या ओळींचं लॉगिंग मी मुद्दाम चालू ठेवलंय. सासूबाई गावी असल्या तरी दूधवाला आला का ते त्यांना फोनवर दिसतं, आपल्याच व्हीपीएनमधून.