कुत्र्यासाठी फिश ऑइल, पंपवाली बाटली, चार महिने वापरून

स्टार साडेतीन. तेल चांगलंय, बाटली बकवास, आणि पुढच्या लेबलवर जे मोठ्या अक्षरात छापलंय त्यावर तर अजिबात जाऊ नका.

आमची चिंगी, १४ किलोची, वय सहा, अंग कोरडं पडलेलं, कोंडा एवढा की काळ्या सतरंजीवर झोपून उठली की पांढरा सडा. त्यात रात्रभर खरखर खाजवणं, घरात कोणाला झोप नाही. म्हणून फिश ऑइल आणलं. बाटलीवर पुढे लिहिलंय १००० मिग्रॅ, मला वाटलं वा, भरपूर आहे की. मागे बारीक अक्षरात बघितलं तर एका पंपात ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००, बाकी सगळं नुसतं तेल! कुत्र्याचा डोस ठरतो तो या दोघांच्या बेरजेवर, आणि वजनावर. आमच्या डॉक्टरांनी चिंगीला रोज ६०० च्या आसपास सांगितलं म्हणजे दोन पंप, पण दुसऱ्याचं बघून देऊ नका, तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवा. पँक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) त्रास झालेला कुत्रा असेल तर विचारल्याशिवाय थेंबही नको, शेवटी ही चरबीच आहे.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून दोन्ही पंप ओतले. तीन दिवस पातळ शी, ते साफ करणं आलंच. मग अर्ध्या पंपापासून सुरू केलं, दहा-बारा दिवसांत हळूहळू दोनवर आले, पोट नीट राहिलं. जेवणात मिसळून द्यायचं, रिकाम्या पोटी नाही. आणि दोन पंप म्हणजे साधारण १८ कॅलरी जास्तीच्या, तिचा खाऊ तेवढा कमी केला नाहीतर ती ढोल झाली असती.

फरक पडला का? पडला, पण घाई करू नका. पहिले तीन आठवडे काहीच नाही, मी तर बाटली फेकायच्या बेतात होते. सहा-सात आठवड्यांनी एकदा ब्रश करताना लक्षात आलं की ब्रशमध्ये कोंडाच नाहीये, केसही मऊ लागतायत, पाठीवर चकाकी आलीये. हे काम तेलाने केलं असं मी म्हणेन.

पण खाज? ती थोडीशीच कमी झाली. एक दिवस शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवली तर काळी रवाळ पूड निघाली, ओल्या टिश्यूवर ठेवली तर लालसर तपकिरी डाग पसरले. पिसवांची विष्ठा! म्हणजे मी महिनाभर पिसवांना फिश ऑइलने घालवत बसले होते. पिसवांचं औषध लावलं, वर कानात यीस्ट, म्हणजे बुरशी, निघालं त्याचे वेगळे ड्रॉप्स चालले, तेव्हा कुठे रात्री झोप मिळायला लागली. तेलाने पिसू मरत नाही आणि कानही बरा होत नाही.

मध्ये एकीने सांगितलं कॉड लिव्हर ऑइल दे, तेच ते. तेच ते नाहीये हो, त्यात ए आणि डी व्हिटॅमिन असतात, जास्त झाली तर अंगात साठून त्रास होतो. जवसाचं तेलही सुचवलं गेलं, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, कुत्र्याच्या शरीरात त्याचं ईपीए-डीएचए फार थोडं बनतं. माणसांच्या फ्लेवरवाल्या गोळ्या तर नकोच, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेतेल. आणि चिंगीचा दात काढायचा होता तेव्हा डॉक्टरांना आठवणीने सांगितलं की तेल चालू आहे, कारण रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होऊ शकतो.

आता तक्रार. पंपाच्या तोंडाशी प्रत्येक वेळी एक थेंब लोंबतो, तो ओघळतो, बाटलीखाली चिकट रिंगण, आणि अख्खा फ्रिज मासळी बाजार. त्याहून वाईट म्हणजे साइज. २५० मिलीची बाटली, आमची रोज साधारण २ मिली, म्हणजे चार महिने पुरणार, आणि उघडलेलं तेल एवढे दिवस चांगलं राहतच नाही. साडेतीन महिन्यांनी चिंगीने वाटी हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली, जी बाई साबणही चाटते! मी बोटावर घेऊन वास घेतला तर माशाचा नाही, खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. उरलेलं सरळ फेकलं. मोठा कुत्रा असेल तर ही साइज ठीक, छोट्यासाठी पैसे वाया.

आता त्याच कंपनीची १०० मिलीची घेतलीये, पन्नास दिवसांत संपते. उघडल्याची तारीख मार्करने लिहिली, खाली जुना मोजा चढवला थेंबासाठी. पंपाचा चुकचुक आवाज आला की बाईसाहेब हजर.