संस्थेचा तक्रार निवारण कक्ष : पाचपैकी दोन तारे

आमच्या आध्यात्मिक संस्थेत साधकांसाठी तक्रार निवारण कक्ष आहे. अकरा वर्षं मी तिथे हिशेबाची सेवा केली आणि यंदा पहिल्यांदाच या कक्षात अर्ज दिला. संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं माझीच आहेत.

प्रश्न एकच होता. देणगीच्या पैशांतून घेतलेली गाडी प्रमुखांच्या पुतण्याच्या नावावर कशी?

फॉर्म सोपा, पोच लगेच मिळाली. सुनावणीला दोन ताई होत्या. चाळीस मिनिटं त्यांनी मला मध्ये न तोडता बोलू दिलं आणि लिहून घेतलेलं मला वाचून दाखवलं. दोन्ही तारे त्यांचे आहेत.

पण कक्षाच्या समितीतला प्रत्येक जण प्रमुखांनीच नेमलेला. त्यामुळे अर्ज ज्यांच्याबद्दल, त्यांच्याच टेबलावर तो गेला. आठवड्याभरात फोन आला, "ताई, इतकी सेवा करून तुमच्या मनात असं आलं तरी कसं?" गाडीचं नावही कोणी काढलं नाही, चौकशी झाली ती माझ्या मनाची. रविवारी गेले तर हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात. रोज शेजारी बसणारी मैत्रीण तीन ओळी मागे जाऊन बसली. तसं कर म्हणून तिला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. न सांगताच तिला ते कळलं, याचं दुःख अजून जात नाही.

त्या दिवशीचं प्रवचन निंदेवर होतं. ते ऐकताना मला दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातलं पहिलंच सुत्त, म्हणजे उपदेश, आठवलं. त्यात बुद्ध भिक्खूंना सांगतात की माझी, धम्माची किंवा संघाची कोणी निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर तो बोलतो ते बरोबर की चूक हे तुम्हाला कळणार कसं? खोटं असेल तर ते खोटं का, हे समजावून सांगा. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना प्रवारणा नावाचा विधी होतो. माझं काही चुकलेलं दिसलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो आणि सुरुवात ज्येष्ठांपासून होते. आमच्याकडे ज्येष्ठांना स्वतःबद्दल एवढं विचारायचं धाडस एकदा तरी व्हावं, असं मला फार वाटतं.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'हा विषय बाहेर बोलणार नाही' असं लिहून खाली सहीची जागा आहे. मी सही केली नाही. तुम्हीही करू नका. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसाठी कॅथलिक चर्चने २०१९ मध्ये जे नियम केले, त्यांत तक्रारदारावर गप्प राहण्याचं बंधन घालता येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. तिथेही हे लिहिलं जाईपर्यंत कितीतरी मुलं सोसून मोठी झाली होती.

अर्ज देणार असाल तर प्रत जवळ ठेवा आणि उत्तर लेखीच मागा. फोनवरचं बोलणं उद्या कोणी कबूल करत नाही. माझा दुसरा अर्ज आता सगळ्या विश्वस्तांच्या नावे गेला आहे, सोबत गाडीच्या पावतीची प्रत. लेखी उत्तर आलं, मग ते माझ्या विरोधात का असेना, तर तिसरा तारा इथे देईन.