लाँग-रीड सिक्वेन्सिंग सेवा: रीड्स झकास, रिपोर्ट मात्र तपासून घ्या

पाचपैकी साडेतीन तारे. ही कंपनी डीएनएची अक्षरं लांबलांब तुकड्यांत वाचून देते; त्या तुकड्यांना रीड्स म्हणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमची दुसरी बॅच अजून त्यांच्याच फ्रीजरमध्ये आहे.

मी पुण्यात पीएचडी करते. विषय क्युलेक्स डास, म्हणजे संध्याकाळी नदीकाठी डोक्यावर घोंघावतात तेच, आणि त्यांच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया हा जिवाणू. हर्टिग आणि वोल्बाक यांना 1924 साली तो पहिल्यांदा दिसला तोही क्युलेक्समध्येच. क्युलेक्समधल्या वोल्बाकियाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 2008 साली प्रसिद्ध झाला, जेमतेम 14.8 लाख अक्षरांचा. पण एवढ्याशा घरात फेज, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूंचे पाच तुकडे ठाण मांडून बसलेत, आणि जागा बदलणारे छोटे जनुकतुकडे तर कोपऱ्याकोपऱ्यात. वोल्बाकियावाला नर आणि वोल्बाकिया नसलेली मादी यांची अंडी उबत नाहीत, ती करामत करणारी सिफ-ए आणि सिफ-बी ही जनुकंसुद्धा फेजच्याच सामानातली. म्हणून मला हे तुकडे अखंड हवे होते.

आधी शॉर्ट-रीड करून पाहिलं होतं. दीडशे अक्षरांच्या चिठ्ठ्या. आरतीतली सगळी ‘जय देव जय देव’ कापून ढीग करावा आणि कुठलं कुठल्या कडव्यानंतरचं ते ओळखायला सांगावं, तसला प्रकार. फेज आला की जोडणी तुटायची.

या सेवेचे दर एका नमुन्याला 22,000 रुपये, कर वेगळा. स्वस्त नाही. सुमारे एक मायक्रोग्रॅम डीएनए मागतात. एका डासाच्या अंडाशयातून तेवढा मिळत नाही, म्हणून चाळीस माद्यांची अंडाशयं सुईच्या टोकाने काढून एकत्र केली. दोन दिवस मान धरली होती. पिपेटच्या टिपचं टोक कापूनच डीएनए उचला, नाहीतर लांब धागे तुमच्याच हाताने तुटतील. कुरिअर चोख होतं, डबा उघडला तेव्हा ड्राय आइस शिल्लक होता असं त्यांनी फोटोसकट कळवलं.

डेटा सतरा दिवसांत आला. बहुतेक रीड्स डासाचेच, पण ते गृहीतच होतं. डासाचा जीनोम वोल्बाकियाच्या काही शेपट मोठा. उरलेल्यांत मात्र वीस-तीस हजार अक्षरांचे रीड्स होते, आणि पाचही फेजभाग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जोडले गेले. इथे पैसे वसूल.

आता तक्रार. रिपोर्टमध्ये प्लाझ्मिड (जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून सुटा असलेला छोटा गोल डीएनए) ‘आढळले नाही’. मला ते पटेना. 2019 साली दक्षिण फ्रान्समधल्या क्युलेक्सच्या अंडाशयांत वोल्बाकियाचं 9.2 हजार अक्षरांचं प्लाझ्मिड सापडलं, आणि नंतर ते जगभरच्या क्युलेक्समध्ये दिसलं, आपल्याकडे असते त्या क्विंकेफॅसिएटस जातीमध्येसुद्धा. फोन केला. सपोर्टवरचा मुलगा नम्र होता, मराठीतच बोलला: “मॅडम, दहा हजारांखालचे काँटिग आम्ही काढून टाकतो. तो कचराच असतो.”

काँटिग म्हणजे रीड्स जोडून झालेला सलग तुकडा. दहा हजारांची चाळणी आणि माझं प्लाझ्मिड नऊ हजार दोनशेचं!

मूळ रीड्स हातात होते (ते सगळे देतात, याचा अर्धा तारा जास्त), म्हणून रात्री स्वतः जोडणी चालवली. पहाटे ते निघालं. बरेच रीड नऊ हजार दोनशेच्या आसपास संपणारे, प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या जागी, पण जनुकांचा क्रम तोच. वर्तुळाकार मार्गाची बस; कुठल्याही थांब्यावर चढा, फेरी तेवढीच. खात्रीसाठी एकमेकांकडे पाठ केलेले प्रायमर (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) घेऊन पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या नकला काढल्या. डीएनए सरळ रेषेत असता तर काही मिळालं नसतं. जेलवर स्वच्छ एक पट्टी आली. आमच्या गाइड मॅडमनी जेलचा फोटो न बोलता स्वतःच्या फोनमध्ये घेतला, त्यांच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ.

कंपनीने सुधारित रिपोर्ट दिला, जादा पैसे न घेता, पण तीन मेल केल्यावर. चाळणीचा आकडा रिपोर्टमध्ये आताही कुठे छापलेला नाही. तुम्ही नमुना पाठवणार असाल तर ऑर्डर फॉर्मच्या ‘शेरा’ रकान्यात लिहा: ‘लहान काँटिग काढू नयेत’. दुसऱ्या बॅचच्या फॉर्मवर मी ते लाल पेनाने लिहिलंय.