फॉर्म ८ ऑनलाइन: इंदूरात घर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी परीक्षण

रामबाग किंवा नारायण बाग सोडून राऊकडे फ्लॅट घेतला, की रजिस्ट्री, नामांतरण, वीजजोडणी आणि पाळकसाहेबांना बोलावून नव्या घराची प्रार्थना, हे सगळं एकामागून एक उरकतं. मतदारयादीतला पत्ता तेवढा जुन्या मोहल्ल्यात राहतो. ज्यांना वॉर्डाच्या बैठकीला जायचं असतं, पोलिंग एजंट म्हणून बसायचं असतं किंवा रस्त्याचा आणि ड्रेनेजचा प्रश्न आमदाराकडे न्यायचा असतो, त्यांचीच अडचण यातून सर्वांत आधी होते. म्हणून मतदारयादीतला पत्ता बदलण्यासाठी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर असलेल्या फॉर्म ८ चं हे परीक्षण, घरमालकाच्या आणि ख्रिस्ती कुटुंबाच्या नजरेनं.

निष्कर्ष आधीच सांगतो. लॉगिनपासून रेफरन्स नंबर हातात येईपर्यंत ही सेवा खरोखर चांगली आहे. पैसे लागत नाहीत, कागद तयार असतील तर वीस मिनिटांत माणूस मोकळा होतो. त्यापुढची घरपडताळणी मात्र तुम्ही किती पाठपुरावा करता यावर चालते. पहिल्या भागाला पाचपैकी चार, दुसऱ्याला जेमतेम अडीच.

सुरुवात फॉर्म उघडून करू नका. आधी यादीत आपलं नाव आहे का ते बघा. मध्य प्रदेशात ४ नोव्हेंबर २०२५ पासून मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, म्हणजे एसआयआर. २३ डिसेंबरला मसुदा यादी लागली तेव्हा राज्यभरातून ४२ लाखांहून जास्त नावं त्यातून गेलेली होती. मृत, स्थलांतरित, घरी न सापडलेले आणि दुबार नोंद असलेले, असे ते गट. घर बदललेला माणूस यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गटात अगदी सहज जातो. नाव यादीत असेल तरच फॉर्म ८ चालतो. नाव गेलं असेल तर नव्यानं नोंदणीचा फॉर्म ६ आणि त्यासोबतचं घोषणापत्र द्यावं लागतं.

शोधताना नावानं शोधू नका, मतदार ओळखपत्राच्या नंबरानं शोधा. इथली यादी हिंदीत आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून हिंदी नाव यंत्र स्वतः उमटवतं. साळवे तिथे ‘साल्वे’ होतात, काळे ‘काले’. आपल्या बायबलमधल्या नावांचे तर आणखी हाल: दाविदचा ‘डेविड’, याकोबाचा ‘जेकब’ किंवा ‘जैकब’, एस्तेरचं ‘एस्थर’. नावानं शोधून ‘नोंद सापडली नाही’ असं दिसलं, म्हणून नाव कापलं गेलं असं समजून घाबरणारे पुष्कळ आहेत. नंबर टाकला की बहुतेकांचं नाव सापडतं.

आता फॉर्म. ऑगस्ट २०२२ पासून त्यात चार कामं एकत्र केली आहेत: पत्ता बदलणं, नोंदीतली दुरुस्ती, दुरुस्ती न करता नवं ओळखपत्र मागवणं आणि दिव्यांग म्हणून नोंद करून घेणं. एका अर्जात यातलं एकच निवडता येतं. त्यामुळे पत्ताही बदलायचा आणि ‘साल्वे’ही नीट करायचं, तर दोन अर्ज लागतात. पत्त्याचा अर्ज आधी करावा, तो मंजूर झाला की नावाचा. दोन्ही एकदम टाकले तर जुन्या आणि नव्या बूथच्या बीएलओंमध्ये (घरी येऊन पडताळणी करणारे बूथ पातळीवरचे अधिकारी) कागद अडकतो.

‘पत्ता बदल’ निवडल्यावर विचारतात, त्याच विधानसभा क्षेत्रात की बाहेर? इंदूर शहराच्या पाच क्रमांकांच्या जागा आणि राऊ ही वेगवेगळी क्षेत्रं आहेत. जुन्या शहरातून राऊत आलात तर उत्तर ‘बाहेर’. पूर्वी बाहेरच्या क्षेत्रात गेल्यावर फॉर्म ६ भरायचा असे, त्या सवयीनं आजही कितीतरी लोक (आणि कियोस्कवालेसुद्धा) फॉर्म ६ भरतात. फॉर्म ६ आता फक्त नव्या किंवा यादीतून नाव गेलेल्या मतदारासाठी आहे. तो भरला की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दोन क्षेत्रांत नाव ठेवता येत नाही आणि खोटं निवेदन दिल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फॉर्म ८ मध्ये जुनी नोंद आपोआप निघते आणि ओळखपत्राचा नंबर तोच राहतो.

घरमालकाचं खरं बळ आहे ते पत्त्याच्या पुराव्यात. यादीत आधार, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, महसूल विभागाची नोंद, नोंदणीकृत भाडेकरार आणि पाणी, वीज किंवा गॅसचं बिल आहे. बिल मात्र त्या पत्त्यावरचं किमान एक वर्षाचं हवं. नव्या घराचं चार महिन्यांचं वीजबिल जोडून अर्ज परत आलेले लोक भेटतात, ते याच अटीमुळे. पण त्याच यादीत ‘स्वतःच्या घराचं नोंदणीकृत खरेदीखत’ असाही एक पर्याय आहे. ताबा मिळाला त्या आठवड्यातसुद्धा तो चालतो. इतका मजबूत कागद घरात असताना लोक बिलांच्या मागे का धावतात, कळत नाही.

रजिस्ट्रीची पूर्ण फाइल चढवू नका. चाळीस पानांची पीडीएफ दोन एमबीच्या मर्यादेत बसत नाही आणि बसवली तर अक्षरं वाचता येत नाहीत. खरेदीदाराच्या नावाचं पान, मालमत्तेचं वर्णन असलेलं पान आणि नोंदणी क्रमांक व तारखेचं पान, एवढी तीन पुरतात. ऑक्टोबर २०२४ नंतरची रजिस्ट्री राज्याच्या ‘संपदा २.०’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवरून झाली असेल तर तुमच्याकडे मूळ डिजिटल प्रतच असते, त्यातूनच ही पानं वेगळी करा. फोटो काढलेल्या प्रतीपेक्षा ती कितीतरी स्वच्छ दिसते. घर क्रमांक रजिस्ट्रीतला आणि दारावरचा वेगळा असतो, कारण बिल्डरचा प्लॉट नंबर आणि महापालिकेचा मकान नंबर क्वचितच जुळतात. घर क्रमांकाच्या रकान्यात दारावरचा नंबर लिहा, रस्ता किंवा कॉलनीच्या रकान्यात टाउनशिपच्या नावासोबत प्लॉट नंबर लिहा. बीएलओ घर शोधत येणार ते दारावरच्या नंबरावरून.

घरातल्या बाकीच्यांचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. रजिस्ट्री एकाच्या नावावर असते आणि आई, पत्नी, मोठी मुलं यांच्या नावाचा नव्या पत्त्यावर एकही कागद नसतो. त्यांना आई-वडील, जोडीदार किंवा सज्ञान मुलाच्या नावाचा पुरावा चालतो, मात्र तो नातेवाईक त्या पत्त्यावर मतदार म्हणून आधीच नोंदलेला हवा. म्हणून आधी मालकाचा अर्ज टाकावा, त्याची नोंद यादीत आल्यावर बाकीच्यांचे. सगळे एकाच संध्याकाळी टाकले तर मालकाचा मंजूर आणि आईचा नामंजूर, असं होतं.

सही करताना सर्वांत जास्त अडतं. सप्टेंबर २०२५ पासून ऑनलाइन अर्जाला आधारवर आधारित ई-सही आली आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि आधारवरचं नाव मतदार ओळखपत्रावरच्या नावाशी जुळावं लागतं. आपल्याकडे हे नेमकं जुळत नाही. शाळेच्या दाखल्यात एक नाव, बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरं, लग्नानंतर आडनाव बदललेलं पण एकाच कागदावर. आधारवर ‘रूथ सायमन पगारे’ आणि ओळखपत्रावर नुसतं ‘रूथ पगारे’. अशा वेळी ई-सहीशी झगडत बसू नका. छापील फॉर्म ८ भरून बीएलओकडे द्या, पोच घ्या, आणि पोचपावतीचा फोटो काढून ठेवा. कोणतं नाव कायम ठेवायचं हे ठरवायचं असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेवरचं धरावं, कारण पुढे पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत तेच विचारतात.

बाप्तिस्म्याच्या दाखल्याबद्दल मंडळीत अजून गैरसमज आहे. मंडळीच्या रजिस्टरमधला उतारा जुन्या पिढीनं जन्मतारखेसाठी सर्रास वापरला. फॉर्म ६ मध्ये सध्या नाव घेऊन दिलेले वयाचे पुरावे म्हणजे जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट. बाप्तिस्म्याचा दाखला त्यांत नाही. यांपैकी काहीच नसेल तर इतर कागद जोडता येतो, पण तो ग्राह्य धरायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात. मुलं अठराची होत असतील तर त्यांच्यासाठी दहावीचं प्रमाणपत्र ठेवा आणि विषय संपवा. अठरा पूर्ण होण्याच्या पात्रता तारखा आता वर्षाला चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण कुजबुज फार होते. फॉर्म ८ मध्ये धर्माचा रकाना नाही. मतदारयादीतही नाही. ‘आपण ख्रिस्ती, म्हणून नाव अडेल’ या भीतीनं अर्जच न करणं हे स्वतःच्या हातानं हक्क सोडणं आहे.

अर्ज गेल्यावर रेफरन्स नंबर येतो. इथून पुढे सेवा ढिली पडते. बीएलओ बहुतेक शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडीच्या ताई. ते सुटीच्या दिवशी फिरतात, म्हणजे रविवारी, म्हणजे आपण उपासनेला गेलेलो असतो तेव्हा. दाराला कुलूप, शेजारी नवीन, त्यांना तुमचं नाव माहीत नाही. दोन-तीन फेऱ्यांत कुणी भेटलं नाही की ‘घरी सापडले नाहीत’ असा शेरा बसतो. यावर साधा उपाय: अर्ज टाकला त्या दिवसापासून दाराशी एक कागद चिकटवा, त्यावर कुटुंबातल्या मतदारांची नावं, एक मोबाइल नंबर आणि ‘रविवारी दुपारी एकनंतर घरी’ एवढं लिहा. सोसायटीच्या गेटवरच्या रक्षकालाही तेच सांगून ठेवा. पोर्टलवर आणि निवडणूक आयोगाच्या ईसीआयनेट अॅपवर ‘बीएलओला कॉल बुक करा’ ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून आहे, ४८ तासांत उत्तराची अपेक्षा आहे. ती वापरा. नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा. नाताळच्या आठवड्यात अर्ज टाकण्याचं मात्र टाळा. घरात पाहुणे, संध्याकाळी कॅरल, कोण कुणाला भेटणार?

शनिवार-रविवारची विशेष शिबिरं मतदान केंद्रावर भरतात. सकाळी उपासना चुकवून जायची गरज नाही, दुपारनंतर गर्दीही कमी असते. जाताना मूळ रजिस्ट्री नको, स्वतः सही केलेली प्रत न्या.

कियोस्कवर भरून घेणार असाल तर मोबाइल नंबर स्वतःचाच टाकला आहे ना, ते पडद्यावर पाहूनच उठा. दुकानदार घाईत स्वतःचा नंबर टाकतो, मग सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि अर्ज नामंजूर झाल्याचं तुम्हाला मतदानाच्या दिवशी कळतं.

अर्ज नामंजूर झाला तर कारण वाचा. कारण कागदाचं असेल तर योग्य कागदासह नवा अर्ज हाच सर्वांत जवळचा रस्ता. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, म्हणजे मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात. तिथेही नाही जमलं तर पुढच्या ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अर्ज मंजूर झाल्यावर ओळखपत्र स्पीड पोस्टानं येतं. यादी अद्ययावत झाल्यापासून १५ दिवसांत ते पोचवण्याची पद्धत आयोगानं जून २०२५ मध्ये जाहीर केली. तोवर ई-ओळखपत्राची पीडीएफ उतरवून ठेवा.

मंडळीनं मदतकेंद्र चालवावं का? जरूर चालवावं. भक्तीनंतर हॉलमध्ये दोन लॅपटॉप ठेवून वयस्करांची नावं तपासून दिली तर मोठं काम होईल. पण १९८८ च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापर प्रतिबंधक कायद्यानुसार चर्चची जागा राजकीय कार्याच्या प्रचारासाठी वापरता येत नाही. टेबलावर कुठल्याही पक्षाचा कागद नको, बूथ एजंटाला माईक नको. फॉर्म भरून देताना ‘मत कुणाला’ हा विषय निघाला तर तिथेच थांबवा. ज्यांना पक्षाचं काम करायचं आहे त्यांनी ते आवारापासून दूर, स्वतःच्या नावानं करावं.

एवढं सगळं नीट झालं तरी महापालिकेची मतदारयादी वेगळी आहे. ती राज्य निवडणूक आयोग बनवतो, तिच्या दावे-हरकतींच्या तारखा वेगळ्या लागतात. इंदूर महापालिकेचं मतदान ६ जुलै २०२२ ला झालं होतं, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ मध्ये येते. फॉर्म ८ मंजूर झाला म्हणून त्या यादीतलं नाव ८५ पैकी योग्य वॉर्डात गेलं असेलच असं धरू नका. ती यादी जाहीर होईल तेव्हा वॉर्ड क्रमांक आणि भाग क्रमांक पुन्हा तपासा.