ठाणे ते बीकेसी: स्वतःची गाडी की लोकल आणि बस?

बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, आमच्या ऑफिसात नवा ठाणेकर लागला की महिन्याभरात विचारतोच, गाडी घेऊ का? मी तीनेक वर्षं गाडीने गेलो, आता लोकलने जातोय. दोन्हीकडचे धक्के खाऊन झालेत.

गाडीत एसी आहे, शर्ट घामाने अंगाला चिकटत नाही. त्यात ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. खेपेला 45 रुपये वाचले. विक्रोळीपुढची रखडपट्टी तशीच. मे 2025 मध्ये मात्र बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या शहर बसचं, किमान भाडं 5चं 10 झालं, एसीचं 6चं 12. टोलमाफीचं श्रेय घेणारे बॅनर आमच्या नाक्यावर किती दिवस लटकत होते! बेस्टची तूट भरून काढतो म्हणून मतं मागायला आमच्या दारात कोणी आलेलं आठवत नाही.

पण माझी गाडी सुटली ती स्टॅक पार्किंगमुळे, म्हणजे एकीवर एक गाडी ठेवायची व्यवस्था. फ्लॅटबरोबर पार्किंगचे पैसे मोजलेले, ते वाया कशाला घालवायचे म्हणून तर गाडी घेतली. जागा मिळाली वरची. म्हणजे खालची गाडी बाहेर निघाल्याशिवाय माझी उतरणार नाही. खालचे शेजारी रात्रपाळीचे. सकाळी आठला मी त्यांची बेल वाजवायचो, ते बनियनवर, डोळे चोळत चावी घेऊन यायचे. एक शब्द बोलले नाहीत कधी, आणि तेच जास्त लागायचं. लिफ्टमध्ये त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहणं बंद केलं, तेव्हा मी पास काढला.

लोकलचं गुणगान नको. ठाण्याहून सुटणारी धिमी पकडली तर बसायला मिळतं, नाहीतर लोंबकळणं आहेच. कुर्ला पश्चिमेला उतरल्यावर बसची रांग लांबलचक, शेअर रिक्षावाला चौथी सीट भरल्याशिवाय हलत नाही. पावसात रुळांवर पाणी आलं की संपलंच. तरी एरवी मला तासाभरात पोचवते. गाडीने संध्याकाळी तेवढ्यात घाटकोपर आलं तरी नशीब.

घरात म्हातारं माणूस असेल किंवा रात्री उशिराची ड्युटी असेल, तर गाडी घ्या, मी अडवणार नाही. नाहीतर आधी तीन महिन्यांचा पास काढून बघा.

माझी जागा आता रिकामी असते. सोसायटी पार्किंग चार्ज मात्र दर महिन्याला लावतेच.