गाडीच्या अलॉय व्हीलचा रंग काढायला पेंट रिमूव्हर (रंग सुटा करणारं केमिकल) की सॅन्डब्लास्टिंग (दाबाच्या हवेने वाळूसारख्या कणांचा मारा)?

चकाचक पॉलिश हवं असेल तर माझं मत रिमूव्हरलाच. जाड थर लावायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, थोड्या वेळात रंग फुगून सुरकुत्या पडतात, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला की खालचं अ‍ॅल्युमिनियम जसंच्या तसं. पावडर कोटिंग (पावडर फवारून भट्टीत भाजलेला रंग) असेल तर मात्र दोन-तीन हात लागतात. हातमोजे घालाच, कातडीला लागलं की नुसती आग होते, आणि बंद खोलीत अजिबात नको. (कोणीतरी कॉस्टिक सोडा सुचवेलच, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो.)

ब्लास्टिंगवाले भोसरी एमआयडीसीत सापडतील. काम झटपट, स्पोकच्या बेचक्यातला रंगपण निघतो, पण पृष्ठभाग होतो खरखरीत, म्हणजे मग २४० नंबरपासून ४००, ८००, १२००, २००० पर्यंत पाणी मारत पॉलिश पेपर घासत बसा, खांदे भरून येतात राव. परत पावडर कोटिंगच करायचं असेल तर ब्लास्टिंग भारी, त्या खरखरीवर कोटिंग घट्ट धरतं.

रंग कसाही काढा, शेवटी बफिंग (मऊ चाकाने घासून चमकवणं) झाल्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) किंवा वॅक्स मारायचाच, नाहीतर एका पावसाळ्यात चमक मंद पडलीच म्हणून समजा.